सातवं तोंड

समईची ज्योत सकाळपासून डावीकडं कलतेय. खिडक्या मी स्वतः लावून घेतल्यात, दाराखालच्या फटीत जुनी ओढणी कोंबलीय, पंख्याचा प्रश्नच नाही, वीज कालपासून गेलीय. तरी ज्योत कलतेच. बाहेर परतीचा पाऊस, आज चौथा दिवस. माजलगावच्या धरणाचे दरवाजे उघडले म्हणतात. आज सातवी माळ. मुलींच्या वसतिगृहाच्या सभागृहात, त्यांनीच मांडलेल्या घटापुढं मी एकटी बसलेय. मांडीवर नकाशाची गुंडाळी उलटी पसरलीय आणि तिच्या कोऱ्या पाठीवर हे लिहितेय. नकाशा माझा, वसतिगृहही मीच आखलेलं.

मुली पागेत, म्हणजे जुन्या दगडी तबेल्यातल्या ग्रंथालयात आहेत. दुपारपर्यंत त्यांना तिकडं हलवलं. घट तेवढा हलवता येत नाही. एकदा बसला की दसऱ्यापर्यंत जागचा हलवायचा नसतो आणि अखंड दिव्यापाशी कुणीतरी हवंच. मुली त्यावरच अडून बसल्या होत्या. शेवटी मी म्हटलं, मी बसते. तेव्हा कुठं उठल्या. आता मला दुसरं काम नाही. ज्योत बघायची, तेल घालायचं आणि बाहेरच्या घणाचा आवाज ऐकायचा. तिकडं आवारात आमचे जाधव दोन माणसं घेऊन दगडी बाक फोडताहेत. ते बाकही माझंच.

घटातलं धान काय तरारलंय! सात दिवसांत वीतभर वर आलंय. आमच्या घरी कधी इतकं आलं नाही. मुलींना त्याचा केवढा आनंद, देवी प्रसन्न आहे म्हणाल्या. मला मात्र ते बघवत नाही. या कोपऱ्यात खालून ओल आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या बीड जिल्ह्यात शाळेच्या पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, ऋतू दोनच. कोयता गेलेला आणि कोयता आलेला. ऊस तोडायला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला इकडं एक कोयता म्हणतात. दसरा-दिवाळी झाली की ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून गावंच्या गावं निघतात. वर भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं. गेवराईच्या रस्त्याला तेव्हा आठवडाभर दुसरं वाहन पुढं जाऊ शकत नाही. मागं उरतात ती म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि कुत्री. पाडव्याच्या सुमाराला माणसं परत येतात. हे मला लहानपणापासून माहीत. माझे वडील माजलगावला मास्तर होते, दिवाळीनंतर त्यांचा वर्ग अर्धा व्हायचा. एवढं माहीत असून मी काय केलं? या गावाची मोजणी ऐन हंगामात केली. कोयता गेलेला असताना! बाहेरच्या कुणी केली असती तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं.

तो हिवाळा आठवला की आधी आठवतात ती कुलपं. लिंबागणेशच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला हे गाव, आणि गावाला लागून निजामाच्या काळातली घोड्यांची पागा. सगळ्या जागेलाच लोक पागा म्हणतात. आम्ही गल्लीतून जायचो तर दोन्ही बाजूंनी दारांना कुलपं, पाऊस लागू नये म्हणून त्यांवर फडकी बांधलेली. शाळू पोटऱ्यात आलेला, हवा स्वच्छ, ऊन पिवळं, आणि माणूस म्हणून दिसायचं नाही. आमच्या मोजणीच्या साखळीचा आवाज सगळ्या गावात ऐकू जायचा. तेव्हा मला ती शांतता लई आवडली होती. कुणी मधे मधे करायला नाही, कुणी हरकत घ्यायला नाही. छान काम होतंय म्हणून मी जाधवांना चहा पाजला.

जाधव म्हणजे माझे मोजणीवाले. वयानं मोठे, तोंडानं फटकळ. कामाला चोख. आणि अण्णा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, मोठे बागायतदार, तालुक्याच्या राजकारणात मुरलेले. तीन महाविद्यालयांना मिळून विद्यापीठाचं एकच आवार करायचं, ही कल्पना त्यांची. शेतकीचं, कला-विज्ञानाचं आणि शिक्षकांचं. वर्ग ज्याचे त्याचे वेगळे, पण ग्रंथालय, खानावळ, मैदान, वसतिगृह सगळ्यांचं एक. "म्याडम, ऊसतोड्यांच्या पोरी हितं ऱ्हाऊन शिकल्या पायजेत," अण्णा म्हणाले होते. "आईबाप फडात गेले की पोरींची लग्नं उरकतात हो. त्यास्नी छप्पर द्या." खोटं कशाला सांगू, हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अण्णा तेव्हाही मनापासून बोलले असतील. मी त्यांना साधा वाईट माणूस म्हणून मोकळी होऊ शकत नाही.

जुन्या इमारतींच्या भोवती नवं आखायचं म्हणजे आधी गप्प बसून बघायचं असतं. इथं पागा होती, ओळीनं कमानी असलेली, दगडात घोडे बांधायच्या कड्या अजून शाबूत. कचेरी होती. एक मोठी वेस होती, नुसती उभी, दोन्ही बाजूंची भिंत केव्हाच गेलेली. आणि बारव, खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची विहीर. मी ठरवलं, नवी एकही इमारत वेशीच्या कमानीपेक्षा उंच करायची नाही. पागेत ग्रंथालय करायचं, घोड्यांच्या जागी मुलं वाचत बसतील. कचेरीत कार्यालय. तिन्ही महाविद्यालयांची मुलं दिवसातून एकदा तरी एकमेकांसमोर यावीत म्हणून खानावळ मधोमध. रोज कागदावर रेघा ओढत होते आणि खुशीत होते. अशी खुशी मला त्यानंतर कुठल्याच कामात झाली नाही.

आणि तो पट्टा. डोंगराकडून वेशीपर्यंत सरळ, बोडकी, दोन गाड्या जातील एवढ्या रुंदीची जमीन. आजूबाजूला बाभळी, लिंब, बोरी, आणि या पट्ट्यात एक झाड नाही, एक गोठा नाही. जाधव म्हणाले, "म्याडम, देवानंच रेघ मारून ठेवलीय बघा." मी तर हरखूनच गेले. आयता रस्ता! सगळं आवार मी त्या पट्ट्यावर आखलं. दोन्ही बाजूंना इमारती आणि शेवटाला, बारवेच्या अलीकडं, मुलींचं वसतिगृह. एवढ्या झाडोऱ्यात एवढाच तुकडा बोडका कसा, हा प्रश्न मला पडला नाही. कपाळ माझं! शिकून सवरून मी आयतं बघितलं आणि उचललं.

प्रश्न विचारला गयाबाईनं. ऊस तोडून तोडून कंबर गेली म्हणून मागं राहिलेली म्हातारी. शाळेतली नात शीतल आणि दोन शेळ्या एवढाच तिचा संसार. शिमग्याच्या आसपास एक दिवस ती आमच्या खुंट्या बघत उभी राहिली. मग म्हणाली, "कावून गं बाई, माणसं नसताना गाव मोजतीस?"

मी म्हटलं, "मावशी, जमीन मोजतोय. माणसं नाही."

"जमिनीचं माणसांनाच म्हाईत आसतंय की. हितं तोंडं हायती. सात. झाकून गेल्यात समदे."

मग तिनं सांगितलं. डोंगरातून बारवेपर्यंत जमिनीखालून दगडी कालवा आहे, माणूस वाकून चालेल एवढा. त्याला वारा लागावा म्हणून वर सात तोंडं ठेवलेली. एकेक तोंड एकेका भावकीचं. हंगामाला निघायच्या दिवशी ज्या त्या भावकीच्या बायका आपल्या तोंडावर दगडी फळी सरकवतात, वर माती ओढतात, शेणानं सारवतात, कुंकू लावतात. मागं लेकरं आणि शेळ्या राहतात ना, कुणी आत पडायला नको. पाडव्याला आलं की आधी तोंड उघडायचं, मग घराचं कुलूप. पावसाळाभर उघडं ठेवायचं. आणि त्या वाटेवर झाड लावायचं नाही, मूळ आत जातं.

"उघडं कशाला ठेवायचं?" मी विचारलं.

"पान्याच्या आधी वारा येतो, बाई. वरून पानी आलं की आतला वारा म्होरं पळतो. त्याला बाहीर याला जागा नगं? कोंडला तर फोडतो. मंग वाऱ्यामागनं पानी." एवढं बोलून ती शेळीमागं गेली.

पाडव्याला गाव आलं. ट्रॉल्यांतून उतरलेल्या, उन्हानं रापलेल्या बायका घराकडं न जाता पट्ट्यावर आल्या आणि माझ्या डोळ्यांदेखत जमीन उघडू लागल्या. खराट्यानं माती सारली, फळी सरकवली. आतून गार, जुन्या मडक्यासारखा वास. एक, दोन, तीन... सहा. सगळी एका रेघेत. प्रत्येकीनं आत खडा टाकून कान दिला. सातव्यापाशी कुणी गेलंच नाही. ते ज्या भावकीचं, ती कारखान्याकडंच राहिली कायमची, वर्षं झाली. दुसऱ्याचं तोंड कुठं आहे ते इथं कुणी विचारत नाही, जसं दुसऱ्याच्या पेटीत कुणी बघत नाही. गयाबाईलाही फक्त सात हा आकडा ठाऊक होता. "त्यांची म्हातारी झाकायची. कुठं ते मी न्हाई बघितलं," ती म्हणाली.

मी वसतिगृह पट्ट्यावरून बाजूला घेतलं, उजवीकडं. तेवढं केलं. पण मग जाधव आणि मी बारवेत उतरलो. सहाव्या तोंडापासून कालवा सरळ आला असता तर पाण्याचं भोक डोंगराकडच्या भिंतीत असतं. ते होतं पार पलीकडच्या भिंतीत. म्हणजे सहाव्यानंतर कालवा कुठंतरी वळून बारवेला वळसा घालतोय, आणि वळणावरच सातवं तोंड असणार. वळण डावीकडं असलं तर ते मैदानाखाली. उजवीकडं असलं तर वसतिगृहाखाली. जाधवांनी दोन दिवस चर खणले, दोन्हीकडं. काही लागलं नाही. "अजून आठ दिस द्या," ते म्हणाले. अण्णा म्हणाले, "म्याडम, लई इचार करू नका. फाईल वर जायाचीय. एवढी वर्षं झाली, बुजलं आसंल ते." आणि एक कागद पुढं केला. बांधकामाच्या जागेखाली कोणतीही जुनी रचना नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं. खाली माझं नाव छापलेलं.

सही केली मी. कुणी हात धरला नव्हता. मनात म्हटलं, डावीकडंच असेल. काम हातातून जाईल अशी भीती होती, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त, तो सुंदर नकाशा मोडायला माझा जीव होत नव्हता.

आणि एवढ्यावर थांबले का? मुलांनी आत पडू नये म्हणून सापडलेली सहाही तोंडं मी सिमेंटनं बंद केली आणि प्रत्येकावर दगडी बाक बांधलं. किती कौतुक झालं त्या बाकांचं! पाहुणे येत, म्हणत, जुन्याचा मान राखलात. मुली तिथं बसून फोटो काढत. गयाबाई तेवढी उद्घाटनाला येऊन सगळ्या बाकांवरून हात फिरवत गेली आणि मला म्हणाली, "सहा बुजवली. म्हंजे आता सगळा वारा सातव्यालाच." मी हसून दुसऱ्या पाहुण्यांकडं वळले. पुढच्या हिवाळ्यात ती वारली. त्यानंतरचे दोन पावसाळे कोरडे गेले, डोंगरातून थेंब उतरला नाही. दुष्काळ पडला म्हणून मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडणारी या जिल्ह्यात मी एकटीच असेन. लाज वाटते लिहिताना.

आज सकाळी शीतलचा फोन आला. गयाबाईची नात. शेतकीच्या महाविद्यालयात आहे, याच वसतिगृहात राहते. आईबाप दसरा झाला की निघणार, पेटी बांधून तयार आहेत. तिचा आवाज अगदी शांत होता. "म्याडम, आमच्या घटाची ज्योत कलायलीय. खिडक्या लावल्या तरी. फरशीच्या सांध्यातून वारा येतोय, मी हात लावून बघितला. आजी काय म्हणायची ते तुमाला म्हाईत हाय ना?"

मला माहीत होतं. मी नुसतं "येते" म्हणाले.

गाडी पाण्यातून काढत आले. कोपऱ्यातल्या फरशीवर तळहात टेकवला. तो गार वारा, तोच मडक्याचा वास. वळण उजवीकडं होतं. घटाच्या बरोबर खाली. भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेलीय, तीत माझं नख शिरलं. अण्णांना फोन केला. "दसऱ्यानंतर बघू म्याडम. ऐन नवरात्रात पोरी बाहीर काढल्या तर लोक काय म्हनतील?" वसतिगृहाच्या अधीक्षक बाई म्हणाल्या, लेखी काहीतरी द्या. त्यांचंही चूक नव्हतं. त्यांच्याकडं माझंच लेखी होतं, खाली काही नाही म्हणून.

तेव्हा मी दुसरा कागद लिहिला. या इमारतीखाली जुना कालवा आहे, मला आधीपासून शंका होती, तरी मी खोटी सही केली, इमारत राहण्यास योग्य नाही. खाली सही. ही सही पहिल्यापेक्षा स्पष्ट आली. अधीक्षक बाईंनी तो दोनदा वाचला, माझ्याकडं बघितलं आणि घंटा वाजवायला गेल्या.

मुली पेट्या घेऊन जिन्यावरून खाली आल्या आणि घटापाशी येऊन अडल्या. घट सोडून कसं जायचं? दिवा विझला तर? एकीला रडू फुटलं. शीतल पुढं झाली. "आपल्या घरी काय करत्यात गं? आई-बाप रानात कामाला गेले की घट कोन राखतं? मागं ऱ्हाईलेलं म्हातारं माणूसच ना? मंग चला की." आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मागं राहिलेलं म्हातारं माणूस! एवढ्या वेळात मला पहिल्यांदा हसू आलं. मी बसते म्हटलं आणि मांडी घातली.

पागेची मला चिंता नाही. तिच्याखाली खडक आहे, तो मी स्वतः बघितलाय. घोड्यांसाठी बांधणाऱ्यांनी केवढी काळजी घेतली होती. कमानींखालून मुलींचा गलका इथपर्यंत ऐकू येतोय, कुणीतरी आरती म्हणतंय, कुणी तव्यासाठी भांडतंय. पुस्तकांच्या कपाटांमधल्या जागेत गोधड्या पसरल्या असतील. असंच काहीतरी मी कागदावर काढलं होतं, तिन्ही महाविद्यालयांची मुलं एका छपराखाली. झालं एकदाचं.

जाधवांना मी म्हटलं, आधी सहावं फोडा, सगळ्यात जवळचं. वाऱ्याला एक वाट मिळाली तरी पुरे. दोन फूट सिमेंट आहे, मीच ओतून घेतलेलं. "म्याडम, तुमी कमी सिमेंट टाकायला शिकलाच न्हाई बघा," ते पावसात ओरडले आणि घण उचलला. शीतलनं जाताना दारात थांबून मला बजावलं. "ज्योत कलती हाय तोवर बसा. सरळ झाली की एक तर बाक फुटलं, न्हाई तर वारा सरला आन् मागनं पानी आलं. जाधवकाका बाक फुटलं की घण थांबवनार हायेत. कान ठेवा. घण थांबला न्हाई तर देवीचं देवी बघंल, तुमी उठायचं." आणि माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून तिनं मला शपथ घातली.

आता चारचा सुमार असेल. पाऊस जरा उतरलाय. समईत तेल घातलं. धानाची पाती ज्योतीबरोबरच डावीकडं झुकलीत, इतका वेळ माझ्या लक्षात आलं नव्हतं. भिंतीवरची चीर मी बघत नाही. घण एकामागून एक पडतोय. गयाबाई असती तर? शेळी घेऊन बाजूला बसली असती.

ज्योत सरळ झाली.

आत्ता, लिहितानाच. पातीही उभी झाली. मला एकदम इतकं हलकं वाटलं की मोठ्यानं ओरडले, फुटलं! जाधव, फुटलं! मग लेखणी थांबवून कानोसा घेतला.

घण अजून पडतोच आहे.